विद्युत् घटमाला उतरणे, मोटारगाडीची
बंद करून ठेवलेल्या मोटारगाडीच्या विद्युत् घटमालेतील साठा रात्रीतून इतका कमी होतो की, सकाळी प्रारंभक चलित्र एंजिन फिरवू शकत नाही. या दोषास व्यवहारात ‘बॅटरी उतरणे’ असे म्हणतात. घटमाला बदलणे हा त्यावर सर्रास केला जाणारा उपाय होय. परंतु दोष अन्यत्र असल्यास नवी घटमालाही उतरते व खर्च वाया जातो.

मोटारगाडीत सामान्यतः शिसे-अम्ल प्रकारची घटमाला वापरतात. या प्रकारचा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् प्रारंभक कॅडिलॅक मोटारगाडीत १९१२ पासून वापरात आला आणि घटमाला हे मोटारगाडीचे आवश्यक अंग बनले. तीत सु. २.१ व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित होऊन काही तास स्वस्थ राहिलेल्या घटमालेचा विद्युत् दाब सु. १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टपर्यंत आल्यास साठ्याचा बहुतेक भाग संपला, असे समजतात.

कारणे : हा दोष तीन प्रकारांनी उद्‌भवतो. (१) घटमाला जुनी वा सदोष असल्याने तिच्यात भार टिकत नाही. (२) जनित्र, त्याचा पट्टा किंवा जोडण्या यांतील दोषामुळे ती प्रवासात पुरेशी भारितच होत नाही. (३) गाडी बंद असतानाही एखाद्या मंडलातून प्रवाह वाहत राहतो.

परिमाणांचा विचार : आधुनिक गाड्यांत घड्याळ, चोरसूचक यंत्रणा वगैरेंसाठी सु. ०.०२ ते ०.०५ अँपिअर प्रवाह सतत लागतो. ४५ अँपिअर-तास धारणेच्या घटमालेतून ०.०३ अँपिअर प्रवाह वाहिल्यास ती पूर्ण रिकामी होण्यास सु. दोन महिने लागतील. सामानाच्या कप्प्यातील ५ वॉटचा दिवा १२ तास जळत राहिला, तरी सु. ५ अँपिअर-तासच खर्च होतात. एवढ्याने निरोगी घटमाला निकामी होत नाही. उलट ५५ वॉटचे दोन पुढील दिवे सु. ९ अँपिअर घेतात व पाच तासांत सर्व साठा संपवितात. म्हणजेच लहान गळतीने एका रात्रीत गाडी बंद पडत असेल, तर घटमाला आधीच दुर्बळ किंवा अर्धभारित होती, असे अनुमान निघते.

स्थानिक परिस्थिती : बीड जिल्ह्यातील केजसारख्या भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. उष्णतेने घटातील रासायनिक विक्रियांचा वेग वाढतो, आपोआप होणारी भारहानी वाढते व पाणी लवकर कमी होते. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षारांमुळे घटांची हानी होते. म्हणून केवळ ऊर्ध्वपातित पाणीच घालावे लागते. ऊसतोडणीच्या हंगामात अनेक कुटुंबे कित्येक महिने बाहेरगावी असतात. त्या काळात घरी उभ्या राहिलेल्या वाहनांची घटमाला कोणताही बिघाड नसताना उतरू शकते. केजहून अंबाजोगाईच्या रुग्णालयाकडे रात्री रुग्ण न्यावयाचा झाल्यास या दोषाचे गांभीर्य जाणवते.

निदान : प्रथम घटमाला पूर्ण भारित करून तिची ऋणाग्राची तार रात्रभर सोडवून ठेवतात. सकाळी दाब बराच घटलेला आढळल्यास दोष घटमालेतच असतो. तो टिकून राहिल्यास गाडीतील गळती किंवा अपुरे भारण यांचा शोध घेतात. झाकणे उघडता येणाऱ्या घटमालेत प्रत्येक घटातील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजतात. पूर्ण भारित घटात ते सु. १.२६ ते १.२८ असते, एकाच घटात ते फार कमी आढळल्यास तो घट सदोष ठरतो. एंजिन चालू असताना अग्रांवरील दाब सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. तो याहून बराच कमी असल्यास भारण अपुरे होते.

गळती शोधण्यासाठी ऋणाग्र व त्याची तार यांच्यामध्ये १० अँपिअर कक्षेचा प्रवाहमापक एकसरीत जोडतात. दारे बंद करून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शांत होण्यासाठी अर्धा ते एक तास थांबतात. मापक जोडलेला असताना एंजिन सुरू करू नये, अन्यथा तो जळतो. प्रवाह अधिक आढळल्यास वितळतारा एकेक करून काढतात. जी काढताच प्रवाह उतरतो, त्या मंडलात दोष असतो. सर्व वितळतारा काढूनही प्रवाह कायम राहिल्यास जनित्रातील सदोष डायोडचा संशय घेतात. नंतर बसविलेली ध्वनियंत्रणा किंवा भोंगा थेट घटमालेस जोडलेला असल्यास तोही तपासतात.

उपाय : दोष सापडल्यावर चिकटलेला रिले, दाराचा स्विच किंवा डायोड बदलतात व उघडी पडलेली तार झाकतात. घटमालेच्या पृष्ठावरील अम्लमिश्रित मळातूनही प्रवाह गळतो. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो पुसतात. उतरलेली घटमाला तशीच राहिल्यास पट्ट्यांवरील लेड सल्फेट कठीण होऊन तिची धारणाशक्ती कायमची घटते. म्हणून ती त्वरित भारित करतात. दीर्घकाळ उभ्या ठेवावयाच्या वाहनाची ऋणाग्राची तार सोडवून ठेवणे पुष्कळदा पुरेसे असते. भारणाच्या वेळी स्फोटक हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देत नाहीत. तार सोडविताना ऋणाग्राची प्रथम व जोडताना शेवटी हाताळतात.