फवारणीच्या वेळी विषबाधा झाल्यास

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी वीसहून अधिक दगावले. यांतील बहुतेकांनी विष प्राशन केले नव्हते. ते श्वासावाटे व कातडीवाटे शरीरात गेले होते. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत शिरून केलेली फवारणी अंगावरच उतरते, ही गोष्ट त्या वर्षी प्रकर्षाने दिसून आली. अमळनेर तालुक्यातही कपाशी हे महत्त्वाचे पीक असल्याने येथील शेतकऱ्यांनी या घटनेची दखल घेणे अगत्याचे आहे.

कीटकनाशकास सर्वत्र ‘औषध’ म्हणतात. या नावामुळेच त्याची भीती मोडली असावी.

प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्ये शरीरातील मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडवतात. घाम व लाळ सुटणे, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, दृष्टी अंधुक होणे, मळमळ, स्नायू फडफडणे आणि शेवटी श्वास कोंडणे, ही त्याची लक्षणे होत. ऑक्टोबरच्या उन्हात घाम व चक्कर येतेच, असे समजून मजूर बांधावर पडून राहतो व मोलाचा वेळ जातो. फवारणी करणाऱ्यास असा त्रास होताच तो विषबाधेचाच समजावा.

रोग्यास ताबडतोब वाऱ्याच्या वरच्या बाजूस मोकळ्या हवेत न्यावे. मदत करणाराने प्रथम स्वतःच्या हातांत रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी. नाही तर एकाचे दोन रोगी होतात. भिजलेले कपडे तेथेच उतरवावेत. याबाबत संकोच करू नये. अंगावरील ओल्या सदऱ्यातून विष आत जातच असते. साबण व भरपूर पाण्याने अंग, केस व नखे धुवावीत. डोळ्यांत थेंब गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. दूध, तूप वा लिंबूपाणी पाजू नये व ओकारी काढू नये. बेशुद्ध मनुष्यास कुशीवर निजवावे.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डब्याचे लेबल रोग्याबरोबर पाठवावे. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन अशा विषावर उपयोगी पडते. परंतु ते द्यावयाचे की नाही, हे कोणते द्रव्य होते यावर ठरते. लेबल फाडून सुटे द्रव्य पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत याच कारणास्तव अत्यंत घातक आहे.

घरात किंवा गाडीत बाटली फुटल्यास मुले व गुरे दूर करावीत, बिडीकाडी पेटवू नये. सांडलेल्या द्रव्यावर पाणी ओतू नये. कोरडी माती टाकून ते शोषू द्यावे. ती माती फावड्याने गोळा करून विहीर व नाल्यापासून दूर खोल पुरावी. पंप बोरी नदीच्या पात्रात कधीही धुऊ नये.