‘जरूर ऐका’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. इंटरनेटवर आपल्याला काहीतरी सापडतं. एखादं जुनं ध्वनिमुद्रण, परदेशी संग्रहालयातलं एखादं चित्र, एखादं पुस्तक. ते आवडतं आणि पाच मिनिटांच्या आत आपण ते कुणाला तरी पाठवतो. सोबत लिहितो, ‘जरूर ऐका’ किंवा ‘अप्रतिम!’. यात तत्त्वज्ञानाचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. ‘जरूर ऐका’ या दोन शब्दांत आपण कोणता दावा करतो, हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही.

आता बघा, या दोन शब्दांत निदान तीन विधानं दडलेली आहेत. एक, ‘मला हे आवडलं’. दोन, ‘हे चांगलं आहे’. तीन, ‘हे तुम्हाला आवडेल’. ही तिन्ही वेगवेगळी आहेत. पहिलं आपल्याविषयी आहे, दुसरं कलाकृतीविषयी आणि तिसरं समोरच्या माणसाविषयी. एखादी कादंबरी थोर आहे हे पूर्ण मान्य असूनही, घरात नुकतंच दुःख घडलेल्या मित्राला ती आपण आज सुचवत नाही. म्हणजे दुसरं विधान खरं असूनही तिसरं लागू पडत नाही. उलट एखादं सिनेगीत फार मोठं नाही हे ठाऊक असतं, तरी ते आवडतं. तिथे पहिलं खरं आणि दुसरं नाही.

पहिल्या दोन विधानांतला फरक इमॅन्युएल कांटने 1790 सालच्या आपल्या ग्रंथात फार काटेकोरपणे मांडला. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त कांटच्या विचाराची सविस्तर चर्चा आहे, ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावी. कांट म्हणतो ते थोडक्यात असं: अमुक मद्य सुखद आहे असं कुणी म्हटलं, तर ‘तुला सुखद आहे’ अशी दुरुस्ती त्याला चालते. वाद संपला. पण ‘हे सुंदर आहे’ म्हणणाऱ्याला ‘तुला सुंदर आहे’ ही दुरुस्ती चालत नाही. तो सगळ्यांच्या वतीने बोलत असतो. इतरांनीही सहमत व्हावं अशी त्याची अपेक्षा असते. मात्र ती सहमती सिद्ध करून दाखवायला त्याच्यापाशी नियम नसतो. गणितात सिद्धता देता येते, तशी इथे देता येत नाही.

यातूनच पुढची अडचण निघते. पुण्याहून मुंबईची गाडी किती वाजता सुटते, हे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही मानू शकतो. पण अमुक चित्र सुंदर आहे हे तुमच्या शब्दावर मानता येत नाही. फार तर ‘ते सुंदर आहे असं ऐकलंय’ एवढंच म्हणता येईल. सौंदर्याचा निर्णय ज्याचा त्याने, स्वतः पाहून घ्यायचा असतो, हेही कांटचंच म्हणणं. मग प्रश्न असा की, निर्णय जर हस्तांतरित होत नसेल, तर आपण पाठवतो काय?

याचं एक चांगलं उत्तर आर्नल्ड आयझेनबर्ग या तत्त्वज्ञाने 1949 साली दिलं. त्याच्या मते समीक्षकाची कारणं ही पुरावा नसतात. ती नजरेला दिलेली दिशा असते. ‘इथे बघ’ असं ती सांगतात. मग आपण बघतो आणि दिसलं तर दिसतं.

एक उदाहरण घेऊ. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र आहे. साधारण 1660 च्या सुमाराचं. नुसतं ‘काय सुंदर चित्र!’ असं लिहून पाठवलं, तर पाहणारा दोन सेकंदांत पुढे सरकेल. पण ‘तिच्या मागची भिंत बघा, त्यात एक खिळा आहे, जुन्या खिळ्यांची भोकं आहेत’ असं लिहिलं, तर तो थांबेल. रिकाम्या भिंतीवर चित्रकाराने एवढी मेहनत का घेतली असेल, हा प्रश्न त्यालाही पडेल. इथे आपण निर्णय लादला नाही. फक्त जागा दाखवली.

याच चित्राची दुसरी गोष्टही सांगण्यासारखी आहे. इंटरनेटवर त्याच्या हजारो प्रती फिरत होत्या, बऱ्याचशा पिवळट झालेल्या. लोकांना त्या पिवळ्या रंगाची इतकी सवय झाली की संग्रहालयातलं खरं पोस्टकार्ड त्यांना खोटं वाटू लागलं. शेवटी संग्रहालयाने उत्तम प्रतिमा स्वतःहून खुली केली. तेव्हा पाठवण्याआधी आपण मूळ संग्रहालयाच्या पानावर जावं, हे बरं. शिवाय मूळ चित्र जेमतेम दीड फूट उंचीचं आहे, हे पडद्यावर कळत नाही. तेही सांगावं.

संगीताचं तसंच. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आज कुणालाही फुकट ऐकता येते. पण ती सुमारे तीन मिनिटांतच का आटोपते? कारण 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावत असे. हे माहीत नसलेला तरुण श्रोता म्हणेल, ‘सुरू होते न होते तोच संपलं.’ माहीत असलेला ऐकेल की त्या मोजक्या वेळात सूर कसा लावलाय. एका वाक्याने ऐकणं बदलतं.

आता तिसऱ्या विधानाकडे येऊ, ‘हे तुम्हाला आवडेल’. हे काम आता यंत्रंही करतात. पद्धत समजायला सोपी आहे. ज्यांनी तुमच्यासारखीच निवड केली, त्यांनी आणखी काय निवडलं ते बघायचं आणि तुमच्यापुढे ठेवायचं. नेटफ्लिक्सने 2006 साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल, याचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवायचा. 2009 साली ते दिलं गेलं. स्पर्धकांना सुमारे दहा कोटी गुणनोंदी दिल्या होत्या. कोणी, कोणत्या चित्रपटाला, कधी, किती तारे दिले, एवढंच. चित्रपटात काय चांगलं आहे, हे त्या नोंदींत कुठेच नव्हतं. ते लागतही नव्हतं.

यंत्राला नावं ठेवण्याचा हेतू नाही. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण त्याला स्वतःला काही आवडलेलं नसतं, म्हणून पहिलं विधान नाही. चांगलं काय याविषयी त्याचं मत नसतं, म्हणून दुसरं नाही. उरतं ते फक्त तिसरं. शिवाय ते आपल्याला आपल्या आजवरच्या आवडीवरून ओळखतं. मित्र कधीकधी म्हणतो, ‘हे तुला आज आवडणार नाही, तरी ऐक.’ हे वाक्य त्या स्पर्धेत हरलं असतं. पण आपल्या आवडीची कक्षा रुंदावली ती बहुधा अशाच वाक्यांनी.

अभिनवगुप्ताच्या विचारातला सहृदय इथे आठवावा. सहृदय हा जन्मतः तयार नसतो. काव्याच्या सततच्या परिशीलनाने त्याचं मन आरशासारखं स्वच्छ होत जातं. परिशीलन एकट्याने होतं तसंच सोबतीनेही होतं. आमच्या पिढीला काय ऐकावं, काय वाचावं, हे कुणीतरी हाताला धरून दाखवलं. ग्रंथपाल असतील, शाळेतले मास्तर असतील, शेजारचे रेडिओवाले काका असतील.

मराठीत ‘शिफारस’ या शब्दाला वशिल्याचा वास आहे खरा. पण त्यात एक चांगली गोष्टही आहे. शिफारस करणारा आपला शब्द टाकतो, आपली पत पणाला लावतो. ढकलपत्रात नेमकं हेच नसतं. स्वतः न ऐकलेलं गाणं, कवीचं नाव गळालेली किंवा भलत्याच मोठ्या नावावर खपवलेली कविता, सकाळी पन्नास जणांना एकदम जाते. त्यात पाठवणारा कुठेच नसतो. म्हणून त्याला उत्तरही येत नाही.

उलट, विचार करून पाठवलेल्या गोष्टीला उत्तर आलं नाही की मनाला लागतं. गाणं आपलं नव्हतं, मग वाईट का वाटतं? कारण त्यासोबत पहिलं विधानही गेलेलं असतं, ‘मला हे आवडलं’, म्हणजे ‘मी असा आहे’. तेव्हा ‘नाही आवडलं’ असं उत्तर आलं, तर ते अपमान समजू नये. समोरच्याने स्वतः ऐकून निर्णय घेतला, म्हणजे आपण मागितलं तेच त्याने दिलं. गप्प राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तर व्यवहारात काय करावं? एका वेळी एकच गोष्ट, एकाच माणसाला पाठवावी. आधी स्वतः पूर्ण ऐकावी, वाचावी. कर्त्याचं नाव लिहावं. कुठे थांबून बघायचं ते एका वाक्यात सांगावं. आणि ती याच माणसाला का, हे आपल्याशी ठरवावं. आमच्या वयाला पाठवणारी माणसं दरवर्षी कमी होत जातात. तेव्हा ज्यांचं काही आलेलं आहे आणि ऐकायचं राहून गेलंय, त्यांना आज रात्री ऐकून दोन ओळी लिहायला हरकत नाही.