डासांना पायाचं आमंत्रण

लहानपणी आमच्याकडे तिन्हीसांजेला कडुनिंबाचा पाला जाळून धूर करायचे. वासाने डास पळवायचा, एवढंच ठाऊक. त्यामुळे केनियातल्या एका बेटावर घराबाहेर माणसाचा वास टांगून डासांना बोलावल्याचं वाचलं, तेव्हा या प्रकाराच्या मागेच लागलो.

बेटाचं नाव रुसिंगा. व्हिक्टोरिया सरोवरातलं, लुओ लोकांचं, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. नेदरलँड्सचं वाखनिंगन विद्यापीठ, नैरोबीची इसिपे ही कीटकविज्ञान संस्था आणि एक स्विस संस्था यांनी २०१२ ते २०१५ या काळात हिवताप आटोक्यात आणायला इथे ‘सोलारमाल’ प्रकल्प राबवला. संस्थांचा इतिहास मी भराभर चाळला. मन अडकलं ते पायाच्या वासात.

१९९०च्या दशकात बार्ट क्नोल्स आणि रुर्ड डी याँग या डच संशोधकांनी उघड्या अंगाच्या माणसावर डास सोडले आणि कोण कुठे चावतो ते मोजलं. आफ्रिकेत हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस गॅम्बिए डासाची आवड ठरलेली: पाऊल नि घोटा. पाय जंतुनाशक साबणाने धुतले की त्याचं हे गणित बिघडे. म्हणजे ओढ होती ती कातडीवर नांदणाऱ्या जिवाणूंच्या वासाची. लिम्बर्गर नावाच्या घाणेरड्या वासाच्या चीजमध्ये त्याच जिवाणूंचे भाऊबंद असतात. ते ठेवून पाहिलं, तर डास त्यावरही आले! या शोधाला २००६ साली ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळालं. हसू येतंच. पण कुबट मोजा नाकाशी धरून त्यातून औषध काढणाऱ्या माणसांबद्दल मला तरी आदरच वाटतो.

पुढे चीजची जागा रसायनांनी घेतली. अमोनिया, घामातलं लॅक्टिक आम्ल आणि आणखी काही द्रव्यं पातळ नायलॉनच्या पट्ट्यांना पाजायची, की झाला कृत्रिम पाय. डास माणसाचा माग काढतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, तेव्हा श्वासही हवा. सुरुवातीला त्यासाठी मळी आणि यीस्ट आंबवत. पण घरोघर, रोज रात्री आंबवण कोण घालणार? शेवटी ब्युटेनोन हे रसायन श्वासाची बतावणी करू लागलं.

हा वास ज्यात ठेवायचा त्या सापळ्याचं नाव ‘सुना’, लुओ भाषेत डास. घराच्या बाहेरच्या भिंतीला, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, खाली तोंड करून तो टांगायचा. वासाने डास जवळ आला, की आतला छोटा पंखा त्याला वर ओढून घेतो. फवारणी नाही, विष नाही. आत अडकलेला डास सुकून मरतो.

पंख्याला वीज हवी आणि बेटावरच्या बहुतेक घरांत ती नव्हती. म्हणून छपरावर सौर पत्रा आला. त्याच्यासोबत घरात दोन दिवे आणि मोबाइल चार्ज करायची सोय. अशी जोडणी ४,३५८ घरांना मिळाली. मच्छरदाण्या आणि औषधोपचार आधीसारखेच चालू राहिले.

माझ्या कौतुकाला काळजी चिकटते ती इथे. पंखा आणि दिवा दोघांचं पोट एकाच बॅटरीवर. लोकांना प्यारा झाला तो दिवा, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मुलांचा अभ्यास दिव्याखाली दिसतो. न चावलेला डास कुणाला दिसत नाही. बॅटरी थकली तर घरातलं माणूस आधी काय बंद करील, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. वासही उडून जातो. पट्ट्या बदलाव्या लागतात, त्या कुठून तरी याव्या लागतात. पंखा बिघडला तर दुरुस्त करणारा हात बेटावरच हवा. प्रकल्प असतो तोवर हे सगळं जमतं.

शिवाय पायाचा प्रयोग झाला गॅम्बिएवर, आणि रुसिंगावर सापळ्याने नमवला तो त्याचा भाईबंद फ्युनेस्टस: त्याची संख्या ६९ टक्क्यांनी घटली. हिवतापाने आजारी पडलेल्यांचा हिशेब मात्र लागला नाही. सापळ्यांच्या वस्त्यांत २३ रुग्ण, बाकीच्यांत ३३. एवढ्याशा आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. रक्ततपासणीने तेवढा स्पष्ट कौल दिला. सापळे नसलेल्या वस्त्यांत हिवताप आढळला ३४.५ टक्के लोकांत, सापळे असलेल्या वस्त्यांत २३.७ टक्के. फरक मोठा आहे. आणि सापळा टांगलेल्या वस्तीतही चारांतल्या जवळपास एकाच्या रक्तात हिवताप होताच.