नाम, स्थान आणि संकेत : संगणकाच्या गाभ्यातील नेटवर्कच्या जुळणीविषयी

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. १९६० साली पहिल्यास पुन्हा 'सातारा' हे नाव प्राप्त झाले आणि दुसरा 'सांगली' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४९ पूर्वीची, मधल्या अकरा वर्षांतील आणि १९६० नंतरची दप्तरे एकत्र चाळणाऱ्या अभ्यासकास दर वेळी प्रथम हेच ठरवावे लागते की, समोरच्या कागदावरील 'सातारा' म्हणजे नेमका किती मुलूख. जमीन जागची हलली नव्हती. नाव आणि नामी यांची गाठ तेवढी सुटून नव्याने बांधली गेली होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात नेटवर्कची जुळणी करताना जे घोटाळे होतात, त्यांतील बरेचसे याच जातीचे असतात. तंत्रज्ञ त्यांना यंत्रातील बिघाड म्हणतो. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्यांत संकेतभंगाची ओळखीची खूण दिसावी.

या गाभ्यास 'कर्नेल' म्हणतात. (हा शब्द 'कर्नल' असा लिहिण्याची चाल पडू पाहत आहे, परंतु त्यामुळे लष्करी हुद्द्याशी विनाकारण गोंधळ होतो. इंग्रजीत उच्चार एकच असला तरी मराठीने तो गोंधळ उसना घेण्याचे कारण नाही.) यंत्राचे सुटे भाग आणि त्यांचा उपयोग करू पाहणारे कार्यक्रम यांच्यामधील सर्व व्यवहार कर्नेलमार्फत चालतो. प्रस्तुत विवेचन लिनक्स या १९९१ पासून विकसित होत आलेल्या कर्नेलपुरते मर्यादित आहे. कारण त्याची संहिता सर्वांस वाचावयास खुली आहे.

एक उदाहरण कल्पावे. सांगलीतील एखाद्या महाविद्यालयात बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह एका संगणकावर ठेवलेला आहे. जावळी खोऱ्यातील वृद्धांचे बोलणे, जतकडील कन्नडमिश्रित मराठी असे ते साहित्य. त्यांतील काही वक्ते आता हयात नाहीत. रोज रात्री या संग्रहाची प्रत साताऱ्यातील दुसऱ्या यंत्रावर जाते. एके दिवशी विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेची जोडणी देण्यासाठी सांगलीच्या यंत्रात आणखी एक नेटवर्क कार्ड बसविले जाते. यंत्र पुन्हा सुरू होते, दोन्ही कार्डांचे दिवे लुकलुकतात. पण त्या रात्रीपासून साताऱ्यास प्रत जाणे बंद पडते, आणि कित्येक महिने ते कोणाच्याही लक्षात येत नाही. यंत्राचा एकही भाग बिघडलेला नसतो.

हे कसे घडले याचा शोध तळापासून घ्यावयास हवा. कार्ड यंत्रात बसविल्यावर ते कर्नेलला आपली ओळख दोन अंकांनी करून देते. पहिला अंक उत्पादकाचा, दुसरा त्या वस्तूच्या प्रकाराचा. हे अंक सोळाच्या पायावर लिहिले जातात, म्हणून त्यांत रोमन अक्षरेही येतात. रिअलटेक या उत्पादकाचा अंक १०ईसी असा आहे आणि त्याच्या एका अतिशय प्रचलित कार्डाचा अंक ८१६८. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा अंक घेतला, तो त्याच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरच्या नावावरून. कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारा जो संहितेचा भाग, त्यास ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक ड्रायव्हर आपणास कोणकोणते अंक चालतात याची यादी सोबत बाळगतो. कर्नेल कार्डाचा अंक या याद्यांशी ताडून पाहते आणि जेथे जुळणी होते तो ड्रायव्हर त्या कार्डाच्या स्वाधीन करते. '८१६८' हे कार्ड 'आर८१६९' नावाचा ड्रायव्हर चालवितो, याचे नवख्यास आश्चर्य वाटते. पण एका कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरने पुढे त्याच्या भावंडांचाही भार उचलला, नाव मात्र जुनेच राहिले, इतकाच त्याचा अर्थ. नावाची व्युत्पत्ती त्याच्या आजच्या अर्थाची हमी देत नाही. सांगलीच्या नावामागे 'सहा गल्ल्या' शोधणाऱ्या लोकव्युत्पत्तीने गावातल्या आजच्या गल्ल्या मोजता येत नाहीत, तसेच हे.

कर्नेल तयार करताना प्रत्येक ड्रायव्हरविषयी तीनांपैकी एक पर्याय निवडावा लागतो : तो कर्नेलमध्येच घडवावा, वेगळे मोड्यूल म्हणून डिस्कवर ठेवून लागेल तेव्हा आत घ्यावा, किंवा अजिबात ठेवू नये. बहुधा दुसरा पर्याय सोयीचा पडतो. तथापि प्रयोगशाळेत कधी कधी बिनडिस्कची यंत्रे असतात; त्यांच्या सर्व फाइली नेटवर्कवरूनच यावयाच्या असतात. तेथे कार्डाचा ड्रायव्हरही त्याच दूरच्या डिस्कवर ठेवला, तर किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावल्यासारखे होते. अशा वेळी तो ड्रायव्हर कर्नेलमध्ये घडवावा लागतो, अथवा प्रारंभी स्मृतीत उतरणाऱ्या लहानशा फाइल-संचात त्याची सोय करावी लागते.

उदाहरणातील यंत्रात येथवर काही चुकलेले नाही. दोन्ही कार्डे एकाच जातीची, दोहोंचा अंक एकच, ड्रायव्हर एकच. अंक हे जातिवाचक नाम आहे. त्याने 'कोणत्या प्रकारचे' एवढेच कळते, 'यांपैकी कोणते' हे कळत नाही. सांगली जिल्ह्यात नुसते 'कवठे' म्हटल्याने भागत नाही. कवठे महांकाळ, कवठे एकंद की कवठे पिरान, हे सांगावेच लागते. कर्नेलही यासाठी प्रत्येक कार्डास वेगळे नाव देते, आणि मूळ रीतीप्रमाणे ती नावे 'ईथ०', 'ईथ१' अशी असतात. वरवर पाहता ही विशेषनामे वाटतात. वस्तुतः ती क्रमवाचक आहेत : 'ईथ०' म्हणजे 'जे कार्ड आधी सापडले ते'. रांगेतील 'पहिला' हा शब्द जसा रांग बदलताच दुसऱ्या माणसास लागू होतो, तसेच हे नाव. कार्डे कोणत्या क्रमाने सापडतील याची कर्नेल हमी देत नाही. सांगलीच्या यंत्रात नवे कार्ड आधी सापडले आणि तेच 'ईथ०' झाले. बाहेरच्या जगाशी जोडलेले जुने कार्ड 'ईथ१' ठरले. जुळणीच्या फाइलीत मात्र साताऱ्याकडे जाण्याचा पत्ता 'ईथ०' या नावापुढेच लिहिलेला होता. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, प्रयोगशाळेतून येणारी सर्व वाहतूक विनातपास आत घ्यावी, हा नियम नव्या कार्डासाठी म्हणून 'ईथ१' या नावाने लिहिला गेला होता. तो आता बाहेरच्या दारास लागू झाला.

हा दोष ओळखूनच सिस्टिमडी या व्यवस्थेच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, कार्डांना स्थानावरून नावे देण्याची पद्धत आली. 'ईएनपी३एस०' या नावाचा अर्थ ईथरनेट, तिसरी पीसीआय वाहिनी, शून्यावा खाचा असा होतो. हे नाव उच्चारण्यास कठीण, म्हणून पुष्कळ व्यवस्थापक ती पद्धत बंद करून जुन्या सुटसुटीत नावांकडे परततात. उदाहरणातील घोटाळा अशाच यंत्रावर घडतो. पण स्थानवाचक नावही अढळ नव्हे. यंत्रात दुसरेच एखादे कार्ड बसविल्याने वाहिन्यांचे क्रमांक सरकतात आणि नाव बदलते. तिसरा मार्ग कार्डावर कोरलेल्या ४८ बिटांच्या मॅक क्रमांकास नाव बांधण्याचा. हे खऱ्या विशेषनामाच्या जवळ जाते. मात्र कार्ड जळून नवे आणले की जुने नाव निराधार होते. ज्या यंत्रात कार्डे क्वचितच बदलतात आणि चुकीची किंमत मोठी असते, तेथे हा तिसरा मार्गच श्रेयस्कर. त्यातही नाव 'ईथ' या मालिकेतील नसावे. कारण ती मालिका कर्नेल स्वतः वाटते आणि दोघांत झटापट होते.

मग नाव मराठीत का ठेवू नये, हा प्रश्न भाषेच्या विभागात उपस्थित होणे साहजिक आहे. याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. कर्नेलमध्ये या नावासाठी १६ बाइटांची जागा असते. शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेसाठी राखीव, म्हणजे उरले १५. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की अनुस्वार, तीन बाइट घेते. तेव्हा पाचाहून अधिक चिन्हे मावत नाहीत. 'सातारा' हा मराठी कानास तीन अक्षरांचा शब्द, पण चिन्हे सहा, बाइट १८, 'सांगली'चेही तेच. दोन्ही नावे कर्नेल नाकारते. 'मिरज', 'कराड' आणि 'विटा' ही १२ बाइटांत बसतात व स्वीकारली जातात. 'कवठे'ही बाराच बाइटांचे, पण ते नाकारले जाते! कारण 'ठ' या अक्षराचा शेवटचा बाइट १६० आहे. कर्नेलचा अक्षरतक्ता लॅटिन लिपीच्या जुन्या संकेतावर बेतलेला असून त्यात १६० म्हणजे रिकामी जागा. आणि नावात रिकामी जागा चालत नाही. सिस्टिमडी तर आस्कीबाहेरील कोणताच बाइट घेत नाही. यात मराठीविषयी आकस नाही. नाव म्हणजे लॅटिन बाइटांची ओळ, हे एक न बोललेले गृहीत तेवढे आहे. व्यवहारात यास्तव रोमन नाव ठेवणेच इष्ट, पण ते कार्य सांगणारे असावे : 'बाहेर०', 'प्रयोग०' असे, रोमन अक्षरांत लिहिलेले.

नाव ठरले की पत्ता. येथे पिनकोडचे स्मरण उपयोगी पडते. १९७२ साली सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने योजिली. तिच्यात आधीचे अंक मोठा प्रदेश व नंतरचे अंक लहान ठिकाण दर्शवितात. विटा (४१५३११) व शिराळा (४१५४०८) ही गावे सांगली जिल्ह्यातील. तरी त्यांचा पहिला त्रिक साताऱ्याच्या ४१५००१ शी जुळतो, सांगली शहराच्या ४१६४१६ शी नव्हे. टपाल ज्या वाटेने जाते तिचा हा हिशेब आहे. जिल्ह्याच्या सीमेशी त्यास कर्तव्य नाही. ३२ बिटांच्या आयपी पत्त्याचेही असेच. '/२४' असे लिहिले की पहिले २४ बिट प्रदेशाचे व उरलेले आठ यंत्राचे, असा कर्नेल अर्थ घेते. मार्गांच्या कोष्टकात एकाहून अधिक नियम लागू पडत असतील, तर ज्याचा आरंभभाग अधिक लांबवर जुळतो तो ग्राह्य. एकही न जुळल्यास सरसकट मार्ग, म्हणजे प्रवेशद्वाराचा पत्ता.

'सातारा' हे यंत्राचे नाव कर्नेलला ठाऊकच नसते. ते नाव अंकात बदलण्याचे काम कर्नेलबाहेर, डीएनएस विचारणाऱ्या वाचनालयात होते. कर्नेलपर्यंत केवळ अंक पोहोचतो. उदाहरणात कर्नेलने 'ईथ०'वर, म्हणजे प्रयोगशाळेच्या तारेवर, 'या प्रवेशद्वाराचा पत्ता कोणाचा?' असे विचारले. तेथे ते प्रवेशद्वार नव्हतेच; उत्तर आले नाही. प्रत पाठविणाऱ्या कार्यक्रमाने रोज रात्री ते अपयश एका नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

तपासणी म्हणून याच क्रमाने करावी : कार्डास ड्रायव्हर लागला आहे काय, त्याचे नाव मॅक क्रमांकाशी जुळते काय, पत्ता योग्य नावापुढे आहे काय, मार्ग कोणत्या नावाने बाहेर पडतो. बहुतेक माणसे उलट्या क्रमाने, केबल हलवून पाहण्यापासून आरंभ करतात. आणि सर्व बरोबर दिसल्यावरही एक काम उरते : साताऱ्याच्या यंत्रावर आदल्या रात्रीची एखादी फाइल उघडून त्यातील आवाज ऐकून पाहणे.