वाटेवरची मावशी आणि बलवान पाहुणा

या व्याख्यानमालेत आजवर आम्ही बोललो ते हमालीच्या दरांवर, फार तर कामगार कायद्यांवर. यंदा एका खेळावर बोलणार आहोत, याचे कारण आमचा पुतण्या. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला नांदेडला आला तो पिशवीत मूठभर चमत्कारिक फासे घेऊन. त्यांतला एक तर वीस पैलूंचा!

खेळ असा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. पट नसला तरी चालते. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण मात्र सूत्रधार होतो. जंगल, किल्ला, सराई हे सारे तो तोंडाने उभे करतो, आणि वाटेत भेटणारी उरलेली सर्व माणसे, म्हणजे दुकानदार, पहारेकरी, म्हातारी, प्रसंगी राजासुद्धा, त्यालाच व्हावे लागते. खेळाडू म्हणतो, "मी दार फोडतो." फासा पडतो, आणि दार तरी फुटते किंवा खांदा तरी दुखावतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने हा प्रकार प्रथम छापून विकायला काढला. आज तो जगभर खेळतात.

यात पात्र पायरीपायरीने बलवान होत जाते. पहिल्या पायरीवरचा योद्धा दोन लांडग्यांना भितो. वर्षभर खेळून वरच्या पायऱ्यांवर पोचलेला एकटा गाव जाळू शकतो. पुतण्याची तक्रार येथेच होती. तो म्हणाला, "काका, आमचे वीर आता गावात शिरले की दोनच गोष्टी होतात. मी दुकानदाराला पायावर लोळवतो, नाहीतर उर्मट करतो. लोळला की कंटाळा येतो, उर्मट झाला की ते त्याला मारून टाकतात. गावकऱ्याने वागावे तरी कसे?"

आम्हाला हसू आले. ज्या प्रश्नावर आम्ही तीस वर्षे चपला झिजवल्या, तो या पोराला फाशांच्या खेळात भेटला होता.

१९७४ च्या मूळ नियमांत यावर एक तोडगा होता. समोरचा कसा वागेल हे ठरवायला सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज कमी आली तर तो वैरी, मधली आली तर साशंक, जास्त आली तर अनुकूल. तोडगा वाईट नाही. बलवानाला पाहून सारे जग एकच चेहरा करीत नाही, एवढे तरी तो मान्य करतो. पण अनुकूल माणूस कशासाठी अनुकूल, हे फासा सांगत नाही. ते आम्ही तमाशात शिकलो.

लहानपणी आम्ही माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जात असू. घोड्यागाढवांच्या बाजारापलीकडे तमाशाच्या राहुट्या लागत. जुन्या वगाला लिहिलेले संवाद नसत. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकीचे फडावर, समोरच्याचे बोलणे झेलीत. म्हणजे पुतण्याचाच खेळ, फक्त फासे नाहीत आणि ढोलकी आहे. त्यातली गवळण आठवा. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या आहेत आणि पेंद्याला घेऊन कृष्ण वाट अडवतो. प्रेक्षकांत बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की हा साक्षात देव. मावशीला मात्र बाजार गाठायचा असतो. उन्हात दही आंबून चालले आहे. हा कोण, कोणाचा, कर कोणत्या हुकमाने मागतो, हे ती डोक्यावरचा पदर सावरीत विचारीत सुटते. ती देवाशी लढत नाही आणि त्याच्या पायाही पडत नाही. शेवटी गवळणी नमतात, हे खरे. पण तोपर्यंत घटकाभर मंडप हसत असतो आणि त्यात देवाचे देवपण तसूभरही कमी झालेले नसते. मावशीच्या हाती एकाएकी सुदर्शनचक्र दिले असते तर गवळणीचा विचका झाला असता. काही सूत्रधार तसे करतात म्हणे. वीर बलवान झाला की गावचा चौकीदारही तेवढाच बलवान करून टाकतात. हे म्हणजे माल तोलताना गुपचूप वजने बदलणे झाले.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दुसरी तऱ्हा दिसते. कोतवालाची जागा रिकामी होते; आस हवालदाराला, आणि ती मिळते वशिल्याच्या माणसाला. हवालदाराची भूमिका दादा कोंडके करीत. हा हवालदार नव्या कोतवालापुढे छाती काढीत नाही. मैनावती कोतवालाला भुलवते आणि त्याच्याकडे एकच मागणे मागते: राजाचा पलंग. सत्तेच्या जोरावर कोतवाल तो उचलतो आणि फसतो. खालच्या माणसाने वरच्याला नकार दिला नाही, फक्त त्याच्याच ताकदीला कामाला लावले.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी लातूरला एका पेढीशी हमालीच्या दराची बोलणी ठरली होती. आमच्यात एक गडी होता, अंगाने धिप्पाड, बोलायला खणखणीत. त्याला पुढे करायचे ठरले. चार रात्री आम्ही तालीम घेतली. मुनीम आम्हीच झालो. गड्याला धीर यावा म्हणून आमचा मुनीम थरथर कापे, दरडावले की कबूल होई. चारही रात्री गडी जिंकला. प्रत्यक्ष दिवशी खरा मुनीम ना कापला, ना भांडला. त्याने चहा मागवला, गड्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, लग्नासाठी घेतलेल्या उचलीची सहज आठवण दिली, मागण्या कागदावर टिपून घेतल्या आणि म्हणाला, शेठ हैदराबादला गेलेत, गुरुवारी येतील. लढायला सज्ज झालेल्या आमच्या माणसाला लढायला कोणी उरलेच नाही. तो रिकाम्या हाताने बाहेर आला आणि पुढे कित्येक दिवस स्वतःलाच दोष देत राहिला. दोष आमचा होता. मुनीम भ्याला नव्हता असे नाही. दारात दोनशे हमाल उभे असताना कोण भीत नाही? पण त्याच्या डोक्यावर शेठ होता आणि त्याला नोकरी टिकवायची होती. आमच्या तालमीतल्या मुनिमाला नोकरीच नव्हती! पुढच्या वेळी आम्ही मुनीम केला तो एका म्हाताऱ्या हमालाला, ज्याने वीस वर्षे मुनिमांच्या गादीसमोर पोती उतरवली होती. त्याने आमच्या गड्याला तीन रात्री सपशेल हरवले. चौथ्या रात्री गडी शिकला. दर मिळाला, मागितला तेवढा नव्हे, पण मिळाला.

तेव्हा पुतण्याला आम्ही म्हटले, अरे, गावकरी भितो की नाही हे मागाहून ठरव. आज सकाळी तो कोणत्या कामाला निघाला होता ते आधी ठरव. शिवाय गाव म्हणजे एक माणूस नव्हे. आमचे आजोबा निजामाच्या अमदानीतल्या, म्हणजे १९४८ पूर्वीच्या, तालुकदाराच्या दौऱ्याची हकीकत सांगत. साहेब येणार अशी कुणकुण लागली की पाटील मेजवानीच्या तयारीला लागे, कोंबड्या नाहीशा होत, वेठीच्या धाकाने तरणे गडी रानात जात, पोरे घोड्यामागे धावत, आणि ज्याची जमीन भावकीने दाबली असेल तो मात्र पहाटेपासून वेशीवर अर्ज घेऊन उभा असे. बलवानाला सर्वांत अवघड जातो तो हा शेवटचा. जुन्या नियमांत योद्धा नवव्या पायरीला पोचला की किल्ला बांधी आणि आसपासच्या गावांकडून सारा घेई. सारा घेतला की फिर्यादी दाराशी आल्याच.

महिन्याभराने त्याचा फोन आला. अजगर मारून आलेला त्यांचा वीर एका गावात घोड्याला पाणी पाजायला थांबला होता. विहीर एका विधवेची. तिने पाणी दिले, नमस्कार केला, आणि विचारले की दिरांनी विहिरीतला माझा वाटा बुडवला आहे, तुमचा शब्द चालतो, तेवढे बघता का? अडीच तास तेच चालले. तलवार उपसून पाहिली. दीर पळाले, पण रात्री मोट त्यांचीच चालू. रोज पहारा देत बसायला वीराला वेळ नव्हता. मांत्रिकाने विहीर दुप्पट भरून दिली, तर भांडणही दुप्पट झाले.

"काका," पुतण्या म्हणाला, "अशा सामाईक विहिरीत तिचा वाटा किती धरायचा?"

आम्ही म्हटले, आधी सातबारा काढा.