शेततळें, ओढा आणि परका मासा

मृगाच्या पहिल्या पुरास ओढ्यांत चढणीचे मासे येतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हल्लीं अनेक ओढ्यांत गळास लागते ती बहुधा चिलापीच. शेततळें बाळगणाऱ्यानें याचें कारण समजून घ्यावें, म्हणून हा लेख.

चिलापी मूळची आग्नेय आफ्रिकेंतील नद्यांची. इ. स. १९५२ मध्यें ती श्रीलंकेतून भारतांत आणली गेली. स्वस्त अन्न मिळावें हा हेतु चांगलाच होता. पण तिची वीण विलक्षण आहे. आपले चढणीचे मासे वर्षांतून एकदां, नव्या पाण्यांत वर चढून अंडीं घालतात आणि तीं तशींच सोडून जातात. मरळ तेवढी पिलांची राखण करते. चिलापीचा नर तळाशीं खळगा करतो. मादी अंडीं तोंडांत धरते, आणि पिलें निघाल्यावरही भय वाटतांच त्यांस पुन्हां तोंडांत घेते. ऊन पाण्यांत ती दोन-तीन महिन्यांतच विण्याजोगी होते व वर्षांतून अनेक वेळां विते. मग गर्दी होऊन सारी खुरटते. बोटाएवढी मादीही पिलें सांभाळतांना दिसते. मुख्य अन्न शेवाळ असलें, तरी दुसऱ्या माशांचीं अंडीं व पिलें ती सोडीत नाहीं.

'थाई मांगूर' नांवानें विकला जाणारा मासा तर त्याहून वाईट. तोही आफ्रिकेचाच. हवेंत श्वास घेऊन तो ओल्या जमिनीवरून सरपटत जातो आणि तोंडांत मावेल तें खातो. इ. स. २००० मध्यें केंद्र सरकारनें त्याच्या पालनास बंदी केली. तरी स्वस्त बीज म्हणून कोणी आणून दिल्यास घेऊं नये. डासांसाठीं १९२८ मध्यें इटलींतून आणलेला गांबुसियाही अळ्यांबरोबर माशांचीं पिलें खातो. रोहू व मृगळ उत्तरेकडील नद्यांचे, म्हणजे येथें पाहुणेच. परंतु बंद तळ्यांत ते आपोआप वीत नाहींत, म्हणून शेततळ्यास तेच त्यांतल्या त्यांत बरे.

गांवच्या दप्तरांत विहिरींची नोंद होते, झाडांची होते. ओढ्यांतील माशांस रकाना नाहीं. काय नाहींसें झालें, हें दप्तर उलगडून सांपडावयाचें नाहीं. आणि एकदां ओढ्यांत गेलेला परका मासा परत काढतां येत नाहीं. जाळ्याच्या आसांतून पिलें निसटतात. विष घालावें, तर आपलेच मासे मरतात.

यास्तव मृगापूर्वींच सांडव्याच्या तोंडाशीं बारीक आसाची जाळी बसवावी व पावसाळ्यांत तिच्यावरील पालापाचोळा वरचेवर काढावा, नाहींतर पाणी बांधावरून जातें. पुराचें पाणी शिरतें अशा जागीं तळें खोदूंच नये. उरलेलें बीज दया येऊन ओढ्यांत सोडण्याची चाल आम्ही पाहिली आहे. तें बांधालगत खड्ड्यांत पुरावें, खतास उपयोगी पडतें.