सव्वासातची गोलाई आणि तिच्यावरचे आळ

दिवा, मुंब्रा, डोंबिवली पट्ट्यात जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे सौदे फोनवर ठरतात आणि स्टेशनच्या पुलावर पुरे होतात. हळदीच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं पैसे साठवून अशी गिटार घेतात. तिच्यासोबत एक सल्लाही फुकट मिळतो: ‘सव्वासात रेडियस आहे, तारा अडकणार. बोर्ड घासून सपाट करून घे.’ या सल्ल्यापायी चांगल्या गिटारची माती होते, म्हणून यातलं खरं किती आणि खोटं किती, ते नीट पाहायला हवं.

आधी आकडा समजून घेऊ. फ्रेटबोर्ड आडव्या अंगाने किंचित फुगीर असतो. तो फुगवटा ज्या वर्तुळाचा तुकडा, त्याची त्रिज्या म्हणजे हा रेडियस. म्हणजे आकडा लहान, तितकी गोलाई जास्त. पुष्कळ जण हे उलटं धरून चालतात. 1950च्या दशकातल्या फेंडरच्या टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टरचा रेडियस सव्वासात इंच, म्हणजे 184 मिलिमीटर. 1952 साली आलेल्या गिब्सन लेस पॉलचा 12 इंच. क्लासिकल गिटारचा बोर्ड जवळजवळ सपाटच.

आकडे ऐकून हा फरक फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात बाराव्या फ्रेटपाशी बोर्डची रुंदी 52 मिलिमीटर धरली, तर सव्वासात इंचात मधला भाग कडांपेक्षा सुमारे 1.8 मिलिमीटर उंच असतो. साडेनऊ इंचात 1.4 आणि 12 इंचात 1.1. जुन्या फेंडरमध्ये आणि लेस पॉलमध्ये एवढाच फरक, पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. बोटांना तो जाणवतो, हे खरंच. पण या फरकामुळे एक वाद्य वाजवण्याजोगं आणि दुसरं कुचकामी ठरत नाही.

जुन्या कारागिरांना सपाट बोर्ड जमत नव्हता, म्हणून गोल ठेवला, असंही ऐकू येतं. हे साफ चूक आहे. लिओ फेंडर यांच्या वाद्यांच्या धंद्याची सुरुवातच मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारपासून झाली. तिचा बोर्ड सपाट, कारण तिच्यावर बोटं दाबायची नसतात, धातूची कांडी सरकवायची असते. व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीतांच्या रेकॉर्डमधून आपल्याकडे घरोघरी पोचवलेली हवाईयन गिटार याच जातीची. सपाट बोर्ड येत असूनही फेंडर यांनी बोटांनी दाबून वाजवायच्या गिटारला गोलाई दिली. त्या काळी वाजवणं मुख्यतः कॉर्डचं होतं. बारे कॉर्डमध्ये पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं आणि बोट सरळ पट्टीसारखं नसतं. तारा जाड होत्या, तिसरी तारही गुंडाळलेली असायची. ती ओढून सूर चढवायचा विचार फारसे कुणी करत नसत. एर्नी बॉल यांच्या बारीक तारांचे संच 1960च्या दशकात आले, तेव्हा तार ओढणं सोपं झालं आणि गोलाईविषयीची तक्रारही वाढली.

त्या तक्रारीत तथ्य आहे. पहिली तार पंधराव्या फ्रेटवर दाबून बोर्डच्या मध्याकडे ओढली, की दाबलेल्या जागी ती फुगवट्याच्या माथ्यावर येते. ब्रिजवर मात्र ती कडेलाच, खालीच असते. मधल्या वाटेत पुढचा एखादा फ्रेट तिला टेकतो आणि सूर मरतो. हा धोका गोल बोर्डवर जास्त, यात शंका नाही. पण तार किती उंच ठेवली आहे आणि फ्रेट एका पातळीत आहेत का, यावर बरंच काही ठरतं. फेंडरच्याच सेटअपच्या तक्त्यात सतराव्या फ्रेटपाशी पहिल्या तारेची उंची सव्वासातला 1.6 मिलिमीटर दिली आहे, आणि साडेनऊ ते बारालाही तितकीच. जिमी हेंड्रिक्सच्या स्ट्रॅटोकास्टरची गोलाई सव्वासातचीच होती. आणि आपल्या मिरजेची सतार घ्या. तिचे पडदे चांगले कमानदार असतात, तरी त्यांच्यावर तार ओढून चार-पाच सुरांची मींड काढता येते, कारण तार भरपूर उंचावर असते.

गिटार दिसायला जुनी, म्हणजे गोलाईही जुनी, हे गृहीत धरू नका. फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडच्या क्लासिक व्हाइब मालिकेचं रूप 1950-60च्या दशकांचं, पण बोर्ड साडेनऊचा. उलट फेंडरने 2022 साली आणलेल्या अमेरिकन व्हिंटेज टू मालिकेत नव्या गिटारला सव्वासात दिला आहे. कोलकात्यात बनलेली जुनी गिवसन असेल तर मोजूनच घ्या. मोजणं सोपं आहे: पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर 184 मिलिमीटर त्रिज्येची कमान काढा, कापा, तारा सैल करून दोन फ्रेटच्या मधल्या लाकडावर टेकवा आणि मागून टॉर्च मारा. मधून उजेड आला तर बोर्ड त्याहून सपाट, कडांतून आला तर त्याहून गोल.

ट्रस रॉड फिरवून रेडियस बदलत नाही. हा रॉड मानेचा लांबीतला बाक सांभाळतो. मान मागून जाड की बारीक, याचाही रेडियसशी संबंध नाही.

आता बोर्ड घासण्याबद्दल. कडा तशाच ठेवून सव्वासातचा साडेनऊ करायचा तर मधलं सुमारे 0.4 मिलिमीटर लाकूड जातं, 12 करायचा तर 0.7. फेंडरने 1962च्या सुमारास रोजवूडची जाड पट्टी सोडून पातळ, वळणदार थर वापरायला सुरुवात केली. अशा बोर्डमधून इतकं लाकूड काढलं की ठिपके झिजतात, फ्रेटच्या खाचा उथळ होतात आणि ते काही परत भरून निघत नाही. एका बेंडसाठी, म्हणजे तार ओढण्यासाठी, साठ वर्षांपूर्वीचं लाकूड खरवडावं, हे मला अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा कारागिराला सांगा, लाकडाला हात लावू नका. तार टेकते फ्रेटवर, लाकडावर नाही. म्हणून फ्रेटचे माथेच वरच्या बाजूला, बाराव्याच्या पुढे, थोडे सपाट करता येतात. फ्रेट झिजून गेले असतील तर नवे उंच फ्रेट बसवून मग माथे घासायला लावा. शेवटी ब्रिज बघा. स्ट्रॅटोकास्टरची सहाही सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे, वेगवेगळी वरखाली होतात, ती फ्रेटच्या नव्या कमानीला जुळवून घ्या. जुन्या टेलिकास्टरला तीनच सॅडल, एकावर दोन तारा, त्यामुळे तिथे सॅडल किंचित तिरकं ठेवून तडजोड करावी लागते. हे सगळं झाल्यावर पहिली तार पंधराव्या फ्रेटवर पूर्ण सूरभर ओढून बघा, आणि तरीही आवाज मेला तर तार पाव मिलिमीटर वर घ्या.